कच्च्या दोऱ्याचा पेच

सव्वीस जानेवारीला सकाळी साडेआठ वाजता बाबालाल टेलर घराच्या गच्चीवर हरायच्या तयारीला लागले. जिंकायची तयारी त्यांनी आयुष्यात पुष्कळदा केली होती. खळ शिजवली होती, काच कुटली होती, बोटं चिरून घेतली होती. हरायची तयारी मात्र वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच, आणि ती फार अवघड निघाली. एक तर ती चोरून करावी लागते.

त्यांनी दुकानातून कच्च्या दोऱ्याची रीळ आणली होती. कपडा शिवायच्या आधी तात्पुरते टाके घालायचा हा दोरा. शिवण झाली की नुसता ओढून काढायचा. इतका अशक्त की लहान मूलसुद्धा दोन बोटांत धरून तोडील. बाबालालनी पतंगाच्या कण्णीपासून वीसेक हात हा कच्चा दोरा बांधला आणि त्याच्या पुढे नेहमीचा साधा सुती दोरा जोडला.

हातात असारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली रहिमतबी हे सगळं बघत होती. शिंप्याची बायको. तिला दोऱ्यातलं कळत होतं.

"आवं, ह्यो तर कच्चा दोरा हाय."

"म्हाइत हाय."

"वाऱ्यानंच तुटंल की ह्यो!"

"तुटू नये म्हणून तर जपून उडवायची. वाल्म्याची वावडी येईस्तोवर टिकली पायजे आन् आली की कटली पायजे. लई नाजूक काम हाय, तू बोलू नगंस."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात रहिमतबीनं नवऱ्याचे नाना खुळचटपणे पाहिले होते, पण कापून घेण्यासाठी पतंग उडवणारा माणूस ती प्रथमच पाहत होती. तरी तिनं असारी सावरून धरली, कारण यामागचं दुखणं तिला ठाऊक होतं.

भुकूमच्या गावठाणापलीकडे जिथे आता सोसायटीच्या चार इमारती उभ्या आहेत, तिथे सहा वर्षांपूर्वी वाल्मीकचा माळ होता. धड पीक येत नव्हतं, धड गवत. पण वारा असा यायचा की पतंगाला नुसतं सोडायचा अवकाश. बाबालाल आणि वाल्मीक चौथीत असल्यापासून दर संक्रांतीला त्या माळावर पेच लावत आले होते. त्यांचा एक कायदा होता. ज्याची वावडी, म्हणजे पतंग, कटेल त्यानं त्याच दिवशी, आपल्या पायांनी, जिंकलेल्याच्या घरी जायचं, तिळगूळ द्यायचा आणि तिथेच पोटभर जेवून यायचं. वर्षभरात दोघांची चारदा भांडणं व्हायची. बांधावरून, निवडणुकीवरून, एकदा तर नुसत्या पायजम्याच्या मापावरून. पण संक्रांतीला कोणाची तरी वावडी कटायचीच, आणि हरलेला माणूस दुसऱ्याच्या ओसरीवर मुकाट्यानं जेवायला बसायचा. माफी मागायची वेळ कधी आली नाही. त्यामुळे माफी कशी मागतात हे दोघांनाही आलं नाही.

मग वाल्मीकनं माळ विकला. बाबालालना ते कळलं जेसीबीच्या आवाजानं. जमीन वाल्मीकची होती, त्यानं विकली, त्याबद्दल बाबालालचं काही म्हणणं नव्हतं. पण त्या माळावरचं आभाळ दोघांचं होतं आणि ते विकताना एका शब्दानं विचारलं नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. चहाच्या टपरीवर चारचौघांत ते बोलून गेले, "आता अकराव्या मजल्यावर फ्लॅट घे आन् संडासाच्या खिडकीतनं वावडी उडीव."

वाल्मीकही तसा तापट. तो म्हणाला, "माझी जमीन मी इकीन न्हाईतर दान करीन. तू कोण रं इचारणारा?"

तू कोण! पन्नास वर्षांच्या दोस्तीनंतर हा प्रश्न. बाबालालना त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही आणि पुढे सहा वर्षं सुचलं नाही. वाल्मीकनं खरंच अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माळ गेला, पेच गेले, आणि भांडण मिटवायची जी एकुलती एक वाट दोघांना ठाऊक होती तीही गेली. संक्रांत आली की बाबालाल गच्चीवर जाऊन त्या इमारतींकडे बघत उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, टाकीतलं पाणी बघायला आलोय.

हे असंच चाललं असतं. पण तीन दिवसांपूर्वी त्यांची सून हीना, जी आता दुकानात बायकांचे ब्लाऊज शिवते, एक बातमी घेऊन आली. वाल्मीकची सून अपेक्षा दुकानात आली होती. ब्लाऊज घेतला, आणखी काहीबाही किरकोळ सामान घेतलं आणि जाता जाता बोलली की तिच्या नवऱ्याची, म्हणजे किशोरची, हैदराबादला बदली झाली आहे. फ्लॅट भाड्यानं द्यायचा. सत्तावीसच्या सकाळी सगळे निघणार. सासऱ्यांनाही नेणार.

"आणि अब्बा," हीना म्हणाली, "सव्वीसला सोसायटीत पतंग महोत्सव आहे. संक्रांतीला त्या लोकांना रजा नव्हती ना, म्हणून झेंडावंदन, हळदीकुंकू, पतंग, सगळं एकाच दिवशी ठेवलंय. वाल्मीकअण्णांनी नाव दिलंय म्हणे."

बाबालालनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले.

तर असा तो पेच होता. बाबालालना वाल्मीकला भेटायचं होतं, त्याच्यासमोर बसून एक घास खायचा होता, आणि त्यासाठी आजचा एकच दिवस उरला होता. उठून सरळ का गेले नाहीत, असं कोणी विचारील. ज्यानं 'तू कोण' विचारलं त्याच्या दारात कोण म्हणून जायचं? हरलेला म्हणून मात्र जाता येत होतं. तो कायदाच होता.

साडेनऊला सोसायटीच्या कर्ण्यावरून चेअरमन नरहरी बापट यांचा आवाज आला. "पतंग महोत्सवाला सुरुवात होत आहे. फक्त सुती दोरा वापरावा. प्रत्येक पतंगावर फ्लॅट नंबरचा स्टिकर असणं बंधनकारक आहे. विना स्टिकर पतंग आढळल्यास कमिटी कारवाई करील."

"ऐका," रहिमतबी म्हणाली. "तुमच्या वावडीवर कारवाई हाय."

बाबालालनी लक्ष दिलं नाही. त्यांचा लाल पतंग हळूहळू वर चढत होता. वारा पूर्वेकडून, म्हणजे गावठाणाकडून सोसायटीकडे होता. ते दोऱ्याला इतक्या अलगद हिसके देत होते की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून चादर काढतायत. सोसायटीच्या भिंतीमागून एकेक पतंग उठायला लागले. बरेचसे दोन गोते खाऊन खाली जात होते. मग एक पांढरा पतंग उठला. तो सरळ वर न जाता डावीकडे झुकून, खांदा पाडून चढत होता.

बाबालालचे डोळे भरून आले. वाल्म्या पन्नास वर्षं कण्णीची डावी बाजू आखूड बांधत आला होता आणि पन्नास वर्षं बाबालाल त्याला त्यावरून शिव्या देत आले होते.

"अजून सुधारला न्हाई गाढव," ते म्हणाले आणि बाहीनं नाक पुसलं.

पांढरा पतंग सरळ लाल पतंगाकडेच आला. दोऱ्यावर दोरा पडला. बाबालालना आता काहीच करायचं नव्हतं. वाल्मीकचा हात सगळ्या गावाला माहीत होता. पेच लागला की तो ढील देऊन वाट बघणारा नव्हे. लागला की खेचायचा. एका हिसक्यात कच्चा दोरा तुटणार होता. बाबालालनी डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

त्यांनी डोळे उघडले. पांढरा पतंग ढील घेत होता. त्यांनीही थोडी ढील दिली. पांढऱ्यानं आणखी घेतली. यांनी आणखी दिली. असारी रहिमतबीच्या हातात गरगरत राहिली आणि दोन्ही पतंग गळ्यात गळा घालून सोसायटीवर दूर दूर जायला लागले.

"खेच की रं!" बाबालाल गच्चीवरून ओरडले. अर्ध्या किलोमीटरवर ते कोणाला ऐकू जाणार! "खेच! काय हातात बांगड्या भरल्यात का?"

"मंग तुमीच खेचा," रहिमतबी म्हणाली. "माझे हात भरून आले."

"मी खेचली तर त्याची कटंल."

"मंग बरंच की! त्याची कटली तर त्योच हितं येईल. कायदाच हाय तुमचा."

बाबालाल थांबले. वर बघत बोलले, "आन् न्हाई आला तर?"

रहिमतबीनं असारी दुसऱ्या हातात घेतली.

"माझी कटली तर मी जाणार, हे माझ्या पायांच्या हातात हाय. त्याची कटली आन् त्यो न्हाई आला, तर मी हितं दाराकडं बघत बसू? आन् उद्या त्यो हैदराबादला. मंग मला कायमचं कळंल की त्याला यायचंच नव्हतं." त्यांनी आणखी चार हात ढील दिली. "न्हाई. मलाच हरायचं हाय."

पण हरवणारा तयार असल्याशिवाय माणसाला हरता येत नाही, ही अडचण त्यांच्या ध्यानात आली नव्हती. जितकी ढील जास्त तितका दोऱ्याला झोल जास्त. दोन्ही पतंग आता क्लबहाउसच्या मागे, जिथे झेंडावंदनाचा मांडव घातला होता, त्या बाजूला हळूहळू खाली बसायला लागले. वाल्म्या थकला असेल का, असं बाबालालच्या मनात आलं. दोरा ओढायची ताकद राहिली नसेल. सहा वर्षं काही थोडी नसतात. या विचारानं त्यांनी घाईनं ढील वाढवली.

कर्ण्यावर चेअरमन बोलत होते. "...आपल्या प्रजासत्ताकात प्रत्येकाला हक्क आहेत, तशीच कर्तव्यंही... अहो, हे काय? हा दोरा कुठून आला? बी-अकराशे चार! बी-अकराशे चार, आपला पतंग सांभाळा! आणि हा दुसरा लाल कोणाचा? याच्यावर स्टिकर नाही! माईकला गुंडाळला गेलाय हा... थांबा, कोणी हात लावू नका, मी काढतो, मी का—"

कर्णा एकदा किंचाळला, धडामकन् काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. त्याच क्षणी बाबालालच्या हातातला ताण गेला. दोरा हलका होऊन हवेत लोंबायला लागला.

"कटली!" ते नाचायला लागले. गुडघ्याचं दुखणं विसरून नाचले. "माझी कटली! रहिमत, आगं हरलो मी!"

"अल्ला," असारी खाली ठेवत रहिमतबी म्हणाली, "लोकांना कळलं तर काय म्हणतील!"

पाच मिनिटांत बाबालालनी नातवाच्या बारशाला शिवलेला कोट चढवला, रहिमतबीनं पहाटे करून ठेवलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि निघाले. पूर्वी बांधावरून वाल्मीकचं घर दोन विड्या ओढेपर्यंत यायचं. आता मध्ये सोसायटीची भिंत होती. मागच्या बाजूला एक लहान दरवाजा होता, पण बाहेरून तो रहिवाशांच्या कार्डावरच उघडायचा. म्हणून बाबालाल पौड रस्त्यानं मोठा वळसा घालून पुढच्या गेटवर पोचले.

गेटवर बिहारचा तरुण वॉचमन रजिस्टर घेऊन बसला होता. "नाम? फ्लॅट नंबर?"

"बाबालाल मुलाणी. बी-अकराशे चार. वाल्मीकअण्णा."

"आप उनके कौन?"

बाबालाल डब्याचं झाकण चाचपायला लागले. वॉचमननं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यात तसा रकानाच होता. वरच्या लोकांनी लिहिलं होतं, कुरियर, प्लंबर, बहीण, दूधवाला.

"लिखना पडेगा, चाचा. बिना लिखे एन्ट्री नहीं."

सहा वर्षांपूर्वी टपरीवर विचारलेला प्रश्न सरकारी छापाच्या रकान्यात येऊन बसला होता. बाबालालनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. वॉचमनला दया आली. त्यानं फोन लावून पाहिला. घंटी वाजत राहिली.

"कोई उठाता नहीं. सामान तो कल ही पॅक हो गया उनका. शायद निकल गए."

"उद्या निघायचे हुते ना?"

"क्या पता, चाचा. छुट्टी का दिन है, ट्रॅफिक कम है, निकल गए होंगे."

बाबालाल तिथे थोडा वेळ उभे राहिले. इमारतीचे मजले मोजत अकराव्यापर्यंत गेले. सगळ्या खिडक्या सारख्याच होत्या. मग ते डबा छातीशी धरून परत फिरले. पतंग कापला तो निरोपाला कापला असणार, असं त्यांना वाटलं. शेवटची गंमत म्हणून कापला आणि गाडीत बसून गेला. मी येणार हे ठाऊक असूनही थांबला नाही. पौड रस्त्यावर सुट्टीच्या गाड्या लवासाकडे, धरणाकडे पळत होत्या आणि कडेनं एक म्हातारा शिंपी आपल्याच हातानं शिवलेल्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसत चालला होता.

घराच्या गल्लीत वळले तर दुकानाच्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं. डोक्याला टोपी, मांडीवर स्टीलचा डबा, आणि बाजूला एक लाल आणि एक पांढरा, फाटके पतंग एकमेकांत गुंतलेले. रहिमतबी कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

"अर्धा तास झाला बसलोय हितं," वाल्मीक ओरडला. "कुटं उंडारतोयस? कोट घालून लग्नाला गेला हुतास का?"

बाबालालनी हातातला डबा वर करून त्याच्यासमोर धरला. "तू हितं कशाला आलास? कायदा इसरला का? हरलेल्यानं जायचं असतंय! माझी कटली, मी तुझ्याकडं गेलो हुतो."

"तुझी कटली? म्हातारचळ लागला का तुला? कटली ती माझी! मी हरलो म्हणून मागच्या दारानं आलो."

"मी हरलो!"

"मी म्हणतोय ना मी हरलो!"

शेजारचे दोघे-तिघे जमले. आयुष्यभर या दोघांना 'मी जिंकलो' म्हणून भांडताना पाहिलेल्यांना हे काही समजेना. हीनानं मधल्यामधे खाली वाकून पांढऱ्या पतंगाचा तुटका दोरा हातात घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाली, "अब्बा, हा तर आपल्या दुकानातला कच्चा दोरा. त्या दिवशी अपेक्षाताई रीळ घेऊन गेल्या. मी विचारलंसुद्धा, घरात कोण शिवतं? म्हणाल्या, सासऱ्यांना पाहिजे, कशाला ते सांगत नाहीत."

बाबालालनी लाल पतंगाचा दोरा उचलला. तसाच दोरा. त्यांनी वाल्मीककडे पाहिलं. वाल्मीक टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधायला लागला.

"वाल्म्या, हरायला आला हुतास व्हय रं?"

"आन् तू काय जिंकायला आला हुतास?" वाल्मीक टोपीतच बघत म्हणाला. "तुला कापली असती आन् तू आला नसतास, तर मी काय केलं असतं सांग की!"

बाबालाल त्याच्याशेजारी पायरीवर बसले. दोघं मिळून पतंगांचा गुंता सोडवायला लागले.

"पर मंग जिंकलं कोण?" अखेर रहिमतबीनं विचारलं. "कापली कुणी?"

वाल्मीकनं खाकरून सांगितलं, "त्या चेअरमननं. माईकला गुतलं तर दोन्ही दोरं धरून वढली. दोन्ही एकदम तुटली आन् त्यो बसला खाली, खुर्ची घिऊन. म्या कसंबसं ह्या दोघी त्याच्या हातातनं घेतल्या. त्यो आता नोटीस लिवतोय मला."

"मंग कायदा काय म्हणतोय?" रहिमतबी म्हणाली. "त्यानं कापली. तुमी दोघंबी हरलात. घ्या डबं आन् जा त्याच्याकडं जेवायला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कायद्यात पळवाट नव्हती.

"वहिनी, त्या बापटाची बायको कांदा-लसूणसुदिक खात न्हाई," वाल्मीक रडवेल्या सुरात म्हणाला.

"हरलेल्यानं चव बघायची नसती."

डबे घेऊन दोघं निघाले. मागच्या दारानं जायला वाल्मीकनं खिसे चाचपले तर कार्ड घरी राहिलेलं. मग पुन्हा पौड रस्त्याचा वळसा. बाबालालचा गुडघा आता कुरकुर करत होता आणि वाल्मीक दर वीस पावलांवर थांबून त्यांच्यासाठी उभा राहत होता.

"हैदराबादला वारं असतंय का रं?" बाबालालनी विचारलं.

"असंल. पर तितं पेच कुणाशी लावू?" वाल्मीक म्हणाला. थोडं चालून पुन्हा म्हणाला, "संक्रांतीला येणार मी. त्या बापटाची कापल्याशिवाय सोडीत न्हाई. जमंल का तुला? मांजा करायला हात चालतात का अजून?"

"बंदी हाय मांजाला. सुती दोऱ्यानंच कापू."

"मंग पक्का दोरा वापर, मर्दा."

गेटवर तोच वॉचमन होता. त्यानं बाबालालना ओळखलं, वाल्मीकला सलाम केला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "मिल गए, चाचा? अब तो लिखना पडेगा. अण्णा, ये आपके कौन?"

बाबालाल जमिनीकडे बघायला लागले. वाल्मीकनं पेन घेतलं, रकान्यापाशी नेलं आणि थांबला. मग वर, इमारतींच्या मधून दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीकडे बघितलं.

"हितं माळ हुता, तुला म्हाइत न्हाई," तो वॉचमनला म्हणाला. "जमीन माझी हुती. वरचं आभाळ ह्याचं बी हुतं. त्याला न इचारता इकलं म्या."

वॉचमनला मराठी अर्धीच समजत होती. त्याला फक्त रकाना भरायचा होता. त्यानं शेजारच्या रकान्यातले छापील पर्याय वाचून दाखवले, "तो क्या लिखूँ, अण्णा? ओनर, टेनंट या व्हिजिटर?"

"मी उद्यापासनं व्हिजिटर," वाल्मीक म्हणाला. "ह्याच्याफुडं ओनर लिव्ह."

वॉचमननं तसं लिहिलं, वेळ टाकली आणि फाटक उघडलं. बाबालालनी कोटाची बटणं लावली आणि दोघं चेअरमनच्या घरी जेवायला गेले.